डेन्झिल हॅडिक्स आणि न उडणारी रायफल

पॉपलर लिकच्या खोऱ्यात डेन्झिलकाकांचा हात न लागलेलं घर शोधून सापडणार नाही. आमच्याकडे शिलाई मशीन, बर्ल फ्यूगेटकडे विहिरीचा पंप, चर्चमधला जुना ऑर्गन, शाळेच्या बसचं एक हट्टी दार, सगळं त्यांनीच चालतं केलेलं. बंदुकांची तर गणतीच नको. केंटकीच्या आमच्या या डोंगरात दाराआड एखादी बावीस बोअरची रायफल नाही असं घर नाही, आणि ती कधीतरी बिघडत नाही असंही नाही. मी, नेडरा कॉम्ब्स, या खोऱ्यात सव्वीस वर्षं टपाल वाटलं. हॅडिक्सांचं घर माझ्या वाटेवरचं शेवटचं, म्हणून तिथं कॉफी ठरलेली. त्यामुळे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

डेन्झिलकाका उंच, किडकिडीत, थोडे पुढे वाकलेले. डोक्यावर कायम एकच टोपी, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. एकोणिसाव्या वर्षी बापानं त्यांना कोळशाच्या खाणीत नोकरीला लावलं. एक पाळी खाली काढली, वर आले आणि मुकादमाला म्हणाले, "वरचं कुठलंही काम द्या, झाडू मारतो." मुकादमानं वर्कशॉपमध्ये झाडूच दिला. तीन महिन्यांत ते लेथवर उभे होते, आणि पुढची एकतीस वर्षं तिथून हलले नाहीत.

स्वभावानं अबोल. लग्न मात्र इमोजीनकाकूंशी झालं, आणि त्या दोघांच्या वाटणीचं एकट्या बोलायच्या. गिऱ्हाईक घराशेजारच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये आलं की काका मान खाली घालून काम करायचे आणि काकू सांगायच्या, "तुझ्या कार्ब्युरेटरमध्ये माती होती, चार्ली. आणि ती माती तुझ्याच अंगणातली आहे, त्यांनी ओळखली." काकू गेल्या तेव्हा खोऱ्यातल्या लोकांना वाटलं, आता हा माणूस साफच मुका होणार. पण गिऱ्हाइकाला काय बिघडलं होतं ते सांगायला तर हवं. म्हणून काकांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. दुरुस्त झालेल्या वस्तूला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला असायचा. 'पंखा. आत उंदीर होता. उंदीर काढला. पंखा ठीक.' चार्ली नोबलच्या लाकूडतोड्या करवतीला त्यांनी लिहिलं होतं, 'करवत बरी आहे. मालकाला सांभाळायला शिकवा.' चार्लीनं ती चिठ्ठी दुकानात सगळ्यांना दाखवली आणि वर्षभर त्याला त्यावरूनच चिडवलं गेलं.

आणखी एक गोष्ट होती, जिच्यावरून लोक काकांना चिडवायचे. खारींच्या शिकारीचा मोसम उघडतो त्या दिवशी आमच्या शाळेत निम्मे वर्ग रिकामे असतात, इतकं शिकारीचं वेड. आणि हा माणूस सगळ्यांच्या बंदुका नीट करून देतो, शेडमागच्या मातीच्या बांधावर बाटल्यांची बुचं ठेवून तीस पावलांवरून एकेक उडवतो, पण स्वतः कधी खार मारली नाही, ससा मारला नाही. मी एकदा विचारलं होतं.

"मला नेम येतो," काका म्हणाले. "त्याच्या पुढचं येत नाही."

त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

आता झेलामावशीच्या रायफलची गोष्ट. झेला फ्यूगेट, वय एकाहत्तर, आर्ली फ्यूगेटची विधवा. आर्लीची रायफल जुनी होती, त्याच्या बापानं घेतलेली. नळीखालचा लाकडी दांडा मागेपुढे केला की काडतूस आत जायचं, तसली. लाकूड हातांनी घासून काळं पडलेलं, नळीवरचा निळा रंग कधीच गेलेला. तिची एक खास कामगिरी होती. आमच्याकडे नोव्हेंबरात पहिली कडक थंडी पडली की डुकरं कापतात. सगळं खोरं एकमेकांकडे कामाला जातं. डुकराच्या कपाळावर अगदी जवळून एकच गोळी, जनावराला कळायच्या आत. आर्ली गोळी घालायचा म्हणून कुणाला काळजी नसायची. तीस वर्षं खोऱ्यातली बहुतेक डुकरं त्याच रायफलनं गेली.

शेवटची दोन वर्षं आर्लीला ते जमेना, तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या बंदुकीनं भागवलं. तो वारला त्या वर्षी हे काम त्याच रायफलीसकट त्याच्या धाकट्या भावानं, बर्लनं, अंगावर घेतलं. झेलामावशीच्याच अंगणात. पाण्याचं पिंप तापलेलं, सुऱ्या परजलेल्या, आम्ही बायका टेबलं मांडून उभ्या. बर्लनं चाप ओढला. खट्. काडतूस फिरवून पुन्हा घातलं, ओढला. खट्. या रायफलीत काडतुसाच्या बुडाच्या कडेतच बार असतो, त्यामुळे फिरवून घातलं की कधीकधी उडतं, हे सगळ्यांना ठाऊक. तिसऱ्या वेळेला डुकरालाच काहीतरी गैर असल्याचं कळलं. त्यानं कुंपणाची फळी तोडली, ओढा ओलांडला आणि सरळ चर्चच्या अंगणात शिरलं. मागे सहा माणसं. पाद्रीबाबा पायऱ्या झाडत होते, ते झाडू घेऊन ओसरीत चढले. दुपार टळल्यावर कुठे ते सापडलं आणि दुसऱ्याच्या बंदुकीनं मारलं. पळून पळून तापलेल्या जनावराचं मांस काळपट होतं, चिवट होतं. खोरं महिनाभर हसलं.

झेलामावशी हसली नाही. "ते मांस मी वर्षभर खाल्लं," ती मला म्हणाली. "दर घासाला मला ते 'खट्' ऐकू यायचं. बिचाऱ्याला मी आठ महिने हातानं चारलं होतं."

म्हणून पुढच्या सप्टेंबरात ती तिच्या फाटकाशेजारच्या पत्रपेटीजवळ रायफल चादरीत गुंडाळून उभी राहिली. टपालाच्या जीपमध्ये माणूस बसवणं नियमात बसत नाही. झेलामावशी बसली.

शेडमध्ये तिनं चादर सोडली. "डेन्झिल, ही घे."

"काय होतंय?"

"तिला विचार. मला विचारशील तर मी बर्लचं नाव घेईन."

काकांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, दोनदा, मग बाकावर ठेवली. त्या दिवशी त्यांनी एकाही अवजाराला हात लावला नाही. नुसते प्रश्न विचारले. दहातली किती उडत नाहीत? थंडीत जास्त की उन्हाळ्यात? कुठली काडतुसं? झेलामावशीनं एप्रनच्या खिशातून तपकिरीची डबी काढली आणि बाकावर उपडी केली. न उडलेली अकरा काडतुसं होती.

"ठेवलीस?" काका म्हणाले.

"डॉक्टरकडे जाताना माणूस काय नेतो? तेच."

काकांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग भिंग डोळ्याला लावून एकेका काडतुसाची कड न्याहाळली. "मार बसलाय," ते म्हणाले. "पण बसायला हवा तसा नाही."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मी कॉफी प्यायला जायचे तेव्हा रायफल रोज थोडी थोडी उलगडत गेलेली दिसायची. आत काय नव्हतं! आर्लीनं तिला आयुष्यभर तेल दिलं होतं, पण हाताला येईल ते. शिलाई मशीनचं तेल, डुकराची चरबी, आणि काकांच्या मते एकदा काकवीसुद्धा. सगळं मिळून डांबरासारखं झालेलं. त्यात हिकरीच्या झाडाच्या पानाचा तुकडा आणि एक सुरवंट, अर्थात वाळलेला. काकांनी सगळं धुतलं, पुसलं, हलकं तेल लावलं, जोडलं, आणि बांधाकडे नेऊन गोळ्या झाडायला सुरुवात केली. मी मोजत होते. दहा झाल्या, वीस झाल्या.

तेविसावी. खट्.

"बावीस उडाल्या की काका," मी म्हटलं. "बर्लपेक्षा कितीतरी बरं."

"नेडरा, एकही न उडणारी बंदूक परवडली. तिच्यावर कुणी विसंबत तरी नाही."

त्यांनी तिला परत बाकावर नेलं. पुढचे दोन आठवडे स्प्रिंगवर गेले. जुनी मऊ पडली होती. नवी त्यांनी पियानोच्या तारेची स्वतः वळली. आता शंभरात दोनच चुकायला लागल्या. दुसरा कुणी असता तर चिठ्ठी बांधून मोकळा झाला असता. काकांनी दाढी करायचं सोडलं. त्यांची मुलगी रेवा ओहायोत, डेटनला असते, तिचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते.

"बाबा एवढे गप्प का आहेत?" रेवानं मला विचारलं.

"ते नेहमीच गप्प असतात गं."

"नाही, हे वेगळं गप्प आहे. तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काही झालेलं नाही. शंभरातल्या दोन उडत नाहीयेत."

रेवानं सुस्कारा टाकला. त्या वर्षी ती डेटनला राहायला या म्हणून त्यांच्या मागे लागली होती.

ऑक्टोबरच्या मध्याला एके सकाळी मी गेले तर काकांची दाढी केलेली होती. नळी शिकंज्यात धरलेली, शेजारी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. "ये इकडे," म्हणाले. एवढ्या उत्साहानं त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "हे बघ. नळीचं मागचं तोंड, काडतूस बसतं ते. कडेला काय दिसतंय?"

भिंगातून मला एक बारीक खड्डा दिसला, आणि त्याच्या आतल्या बाजूला उचलला गेलेला धातू.

"बार काडतुसाच्या कडेत असतो," काका सांगू लागले. "पिन येऊन ती कड चेमटवते, तेव्हा ठिणगी पडते. पण चेमटवायला खाली ऐरण लागते ना? ऐरण म्हणजे ही नळीची कड. तिथंच खड्डा. हातोडा घाव घालतोय, पण खाली काहीच नाही. मी वेड्यासारखा हातोड्यालाच दोष देत बसलो."

"खड्डा कशानं पडला?"

"रिकामी ओढून. आत काडतूस नसलं की पिन सरळ या कडेवर आपटते. पिनही कुणीतरी कधीतरी बदललेली आहे, जरा लांबच ठेवलीय." त्यांनी भिंग खाली केलं. "पण दोनचारदा ओढून एवढा खड्डा पडत नाही. हजारो वेळा ओढलीय कुणीतरी."

त्यांना वाटलं, झेलामावशीला हे ऐकून आनंद होईल. दोष सापडला होता! मी तिला दुसऱ्याच दिवशी घेऊन आले. काकांनी तिला आरसा दाखवला, ऐरण आणि हातोडा समजावला, आणि म्हणाले, "घरात कुणीतरी रिकामी ओढत होतं, झेला. रोज."

झेलामावशीचा चेहरा एकदम बदलला.

"माझ्या घरात?"

"खड्डा सांगतोय."

"आर्लीच्या घरात रिकामा चाप ओढायची कुणाची छाती होती? पोरांनी नुसता हात लावला तर सोलून काढलं असतं त्यानं! तू बंदूक नीट करायला बसलास की माझ्या घराची चौकशी करायला? येत नसेल तर सांग तसं!"

काका आपले आरसा हातात धरून उभे. झेलामावशी निघाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.  उतरताना म्हणाली, "तुझ्या जीपचं दार वाजतं," आणि ते दणकन आपटलं.

चार दिवस काकांनी रायफलला हात लावला नाही. "मी चिठ्ठीच लिहायला हवी होती," एवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी झेलामावशी पत्रपेटीपाशी उभी होती. हातात सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. मांडीवर केक धरून ती बसली, आणि शेडमध्ये शिरल्यावर तो काकांच्या बाकावर, कानशींच्या मध्ये ठेवून दिला.

"बस खाली, डेन्झिल. तू पण बस, नेडरा. एकदाच सांगणार आहे."

आम्ही बसलो.

आर्लीची नजर साखरेच्या आजारानं गेली होती, हे खोऱ्याला ठाऊक होतं. शेवटची दोन वर्षं त्याला सावल्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. पण कान शाबूत. घरासमोरच्या हिकरीवर खारी आल्या की कुरतडलेल्या फळांची सालं पडायचा आवाज त्याला ओसरीत बसून ऐकू यायचा. एका सकाळी तो म्हणाला, "झेला, बंदूक आण."

"झाडापलीकडे रस्ता," मावशी सांगत होती. "रस्त्यापलीकडे बर्लचं घर. काय करू? आत गेले, सगळ्या गोळ्या काढल्या आणि रिकामी नेऊन दिली. त्यानं कान देऊन नेम धरला. खट्. मला हसूच आलं. म्हटलं, चुकला! तर म्हणतो, कुणी सांगितलं? पडली ती. जा, उचलून आण."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रोजचंच झालं. मी स्वैपाकघरात, हा ओसरीत. खट् झालं की मी आतून ओरडायची, पडली! दिवसाला तीस, चाळीस. पावसात नाही, पण बर्फात हो. आणि रविवारी मी कोंबडीची तंगडी बारीक तोडून खारीसारखा रस्सा करायची. पहिल्याच घासाला म्हणाला, हल्ली खारी फार कोंबडीसारख्या लागतात. म्हटलं, कोंबड्यांतच राहतात हल्ली त्या."

काका हसले. आवाज न करता, खांदे हलवून, पण हसले.

मावशीनं एप्रनच्या टोकानं नाक पुसलं. "मी हे कुणाला बोलले नव्हते. बर्लला नाही, मुलांना नाही. ज्या माणसानं जन्मभर सगळ्या खोऱ्याची डुकरं मारली, त्याच्या हातात त्याचीच बंदूक रिकामी करून द्यायची... बरं वाटत नाही ते. आणि तू सरळ माझ्या तोंडावर बोललास, कुणीतरी रिकामी ओढत होतं."

 मग काका हळूच म्हणाले, "त्याला वजनावरून कळलं असणार, झेला."

"कळलं होतंच. एवढी वर्षं हातात होती त्याच्या."

"काही बोलला?"

"दोन वर्षांत एकदासुद्धा गोळ्या मागितल्या नाहीत."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. रायफलची नळी हातात घेऊन फिरवली. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि ते जमत नव्हतं, हे मला कळत होतं.

"हा खड्डा मी सरळ करीन," शेवटी ते म्हणाले. "पण मग ते... आर्लीचं... जाईल. ती खूण."

झेलामावशीनं त्यांच्याकडे बघितलं. "अरे बाबा, माझ्याकडे त्याचे बूट आहेत, कवळी आहे, आणि भाऊ पण आहे. खुणांची काही कमी नाही मला. तू रायफल उडती कर."

मग तिनं केक कापला.

ते काम मी जवळून पाहिलं, कारण त्या आठवड्यात माझी कॉफी जरा लांबतच गेली. काकांनी पोलादाची एक निमुळती सळई घासून घासून गुळगुळीत केली, चुलीत लाल करून तेलात बुडवून कडक केली. ती नळीच्या मागच्या तोंडात घालून, दाब देत, फिरवत फिरवत, आत घुसलेला धातू त्यांनी परत जागेवर बसवला. एका दिवसात नाही. थोडं करायचं, काडतूस घालून बघायचं, भिंग लावायचं, परत थोडं. एकदम जोर केला तर नळी कामातून गेली असती. पण खड्ड्याची जागा पहिल्यासारखी भक्कम होणार नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी पिनही नवी केली. तिचं टोक जरा रुंद ठेवलं, म्हणजे शेजारच्या धडधाकट कडेवरही घाव पडेल. आणि लांबी बेताची. कानशीचा एक हात मारायचा, मोजायचं. दुसरा मारायचा, मोजायचं.

"आता किती राहिलं?" मी विचारलं.

"केसभर."

"मग झालंच की."

"केसभर जास्त आहे, नेडरा."

नंतर चाचणी. पाचशे गोळ्या. रोज शंभर, वेगवेगळ्या खोक्यांतल्या, नव्या, जुन्या, एक खोकं तर फ्रीजमध्ये ठेवून गार केलेलं. तिसऱ्या दिवशी बर्ल कुंपणाशी आला.

"काय हॅडिक्स, युद्धबिद्ध लागलंय की काय?"

"तुझ्यासाठीच चाललंय," काका म्हणाले. बर्ल गेला.

शेवटच्या शंभरातल्या तीस झेलामावशीनं झाडल्या. तिनं स्वतःच मागितल्या. पहिल्या पाच बांधाच्याही वरून गेल्या. काका तिच्या मागे उभे राहून सांगत होते, "श्वास सोड. चाप ओढू नकोस, दाब." तिसाव्या गोळीला कॉफीचा डबा उडाला. पाचशेंतली एकही अडली नव्हती. काकांनी बाकावर बसून पुठ्ठा कापला, पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि चिठ्ठी लिहिली. मावशीनं ती हात लांब धरून वाचली.

'तोंड सरळ केलं. नवी स्प्रिंग. नवी पिन, बेताची. आता रिकामी ओढली तरी चालेल.'

मावशीनं चिठ्ठी सुतळीवरून सोडवली, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशात टाकली. रायफल चादरीत गुंडाळली. "केकचं ताट परत पाठव," एवढंच म्हणाली.

कडक थंडी त्या वर्षी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाआधीच्या सोमवारी पडली. झेलामावशीच्या अंगणात गवत पांढरं झालं होतं. पिंपाखाली जाळ, वाफा, माणसं हात चोळत उभी. मागच्या वर्षीची आठवण सगळ्यांनाच होती. पाद्रीबाबा मुद्दाम आले होते आणि पायरीवर उभे होते. कुंपणाला या वेळी दुहेरी फळ्या.

बर्लनं हात पुढे केला. "आण वहिनी, बंदूक."

"बाजूला हो."

"हे काय बायकांचं काम आहे?"

"पुरुषांचं काम गेल्या वर्षी सगळ्या खोऱ्यानं पाहिलंय, बर्ल."

माणसं हसली आणि बर्ल खाली बघत मागे सरला. मावशीनं एक काडतूस भरलं. मक्याचं भांडं पुढे ठेवलं, डुकरानं मान खाली घातली. ती त्याच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलली, जसं रोज चारताना बोलायची.

मी काकांना शोधत होते. ते लाकडाच्या ढिगामागे पाठ करून उभे होते. दोन्ही हात खिशात, मान खाली.

एकच आवाज झाला. डुक्कर जागच्या जागी बसलं आणि आडवं झालं. पाय झाडायचे ते झाडले, पण त्याला काही कळलं नव्हतं.

काका वळले नाहीत. "उडाली?" त्यांनी मला विचारलं.

"उडाली, काका."

"पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

मग कुठे त्यांनी खिशातून हात काढले. बोटं पांढरी पडली होती. ते ढिगामागून बाहेर आले, सरळ पिंपाजवळ गेले आणि गरम पाण्याच्या बादल्या उचलायला लागले.

त्या दिवशी दुपारी झेलामावशीच्या स्वैपाकघरात आम्ही दाटीवाटीनं जेवलो. पाठीचं ताजं मांस तळलेलं, रस्सा, मऊ पावासारखी गरम बिस्किटं. मांस गुलाबी होतं, मऊ होतं. डेन्झिलकाकांनी चार बिस्किटं खाल्ली, पाचव्याला हात घातला.

"बघा बघा," चार्ली नोबल म्हणाला, "याला मारवत नाही, खाववतं मात्र बरं!"

"खायचं मला येतं, चार्ली," काका म्हणाले. "जे येतं ते मी नीट करतो."

जानेवारीत रेवा आली आणि त्यांना डेटनला घेऊन गेली. आम्हाला वाटलं, गेले आता. पण मार्चमध्ये एका दुपारी बसमधून उतरून पत्र्याची पेटी घेऊन ते पोस्टाच्या दारात उभे.

"काका! काय झालं? रेवाशी वाजलं का?"

"छे. घर चांगलं आहे तिचं. उबदार आहे. नातवंडं गोड आहेत." पेटी खाली ठेवून त्यांनी टोपी काढली. "सहा आठवड्यांत तिच्या गल्लीतलं सगळं दुरुस्त करून झालं. मग काय करायचं?"

मी त्यांना जीपमध्ये घालून घरी सोडलं. वाटेत झेलामावशीच्या फाटकाशी त्यांनी थांबायला सांगितलं. दोघं फाटकात उभं राहून काहीतरी बोलले, मी ऐकलं नाही.

त्यानंतर दर रविवारी, चर्च सुटलं की, धुतलेला शर्ट घातलेले डेन्झिलकाका अवजारांची पेटी घेऊन फ्यूगेटांच्या घराकडे जाताना दिसू लागले. आमच्या खोऱ्याला असल्या गोष्टी दोन रविवारांच्या पलीकडे पचत नाहीत. विचारायचं काम माझ्यावर आलं.

"काका, लोक विचारतायत."

"काय?"

"रविवारी काय असतं झेलामावशीकडे?"

"तिचा फ्रीज आवाज करतो."

"दर रविवारी?"

काका गंभीरपणे म्हणाले, "जुना आहे."

अकरा वर्षं तो फ्रीज आवाज करत होता. दोघांनी लग्न केलं नाही, कुणी सुचवलं तर झेलामावशी लाटणं दाखवायची. रविवारचं जेवण, मग ओसरीत दोन खुर्च्या. मावशी बोलायची आणि काका ऐकायचे, मधेच एखादा शब्द टाकायचे, आणि मावशी इतक्या जोरात हसायची की मला रस्त्यावरून ऐकू यायचं. एका नाताळला बर्लनं वहिनीला नवाकोरा फ्रीज आणून दिला. डेन्झिलकाका होते तोवर मावशीनं त्याचं खोकं उघडलं नाही.